देवगिरीचा पहारेकरी

अण्णा, आज मटार आणले. फ्रोझन, सोललेले. इथं न्यूयॉर्कजवळ पार्सिपनीत शेंगाही मिळतात, पण सोलायला समोर कुणी बसणार नसेल तर आणायच्या कशाला?

औरंगाबादच्या आपल्या स्वयंपाकघरात रविवारी सकाळी तुम्ही शेंगांची परात आम्हा दोघा भावांमध्ये ठेवायचात आणि देवगिरीच्या गादीची गोष्ट काढायचात. शाळेत आठवडाभर इतिहास शिकवून तुमचं मन भरत नसे. थोरला राजा गेला, मुलगा लहान, म्हणून धाकटा भाऊ गादीवर बसला. तो जाताना मात्र स्वतःच्याच मुलाला बसवून गेला. थोरल्याचा मुलगा चिडला, नाटकमंडळींच्या वेषात गडावर शिरला, खेळ रंगात आलेला असताना चुलतभावाला पकडलं आणि त्याचे डोळे काढले. एवढा इतिहास. पुढे तुमचं जर-तर. "आता सांगा, गादी कुणाची?" मी म्हणायचो, थोरल्याच्या मुलाची, हक्कच आहे त्याचा. आपला धाकटा तोंडात दाणे कोंबत म्हणायचा, "जो घरात आहे त्याची." एकदा मी वैतागून म्हणालो, झालं ते झालं, आता उकरून काय उपयोग? केवढे भडकलात! "अरे गाढवा, दरवाजावरच्या त्या पहारेकऱ्यानं नुसतं विचारलं असतं ना, कोण तुम्ही, कुठले, तर त्या माणसाचे डोळे वाचले असते!" तुमच्या जर-तरमध्ये तो दर वेळी विचारतो. नाटकवाले परत फिरतात, दोघे भाऊ राज्य वाटून घेतात, आणि उत्तरेचे घोडेस्वार येतात तेव्हा एकाच तटावर उभे असतात.

तुम्ही गेलात तेव्हा न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर पडून वर्षही झालं नव्हतं. ऑफिसात नोकरकपात चालली होती, रोज कुणाची तरी खुर्ची रिकामी होत होती. धाकट्याचा फोन आला, "दादा, लगेच नीघ. मी सगळं थांबवून ठेवतो, अग्नी तूच द्यायचास." मी म्हणालो, "अरे, व्हिसाचं रिन्युअल अडकलंय. वकील म्हणतो, आत्ता देश सोडलास तर परत येता येणार नाही." मग तो म्हणाला, "बरं. मी देतो." अजूनही तो सगळ्या नातेवाइकांना सांगतो, दादाला येऊच दिलं नाही हो त्या लोकांनी. ऐकलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आज मटारभात वाढताना तुम्ही न पाहिलेल्या नातीला ही गोष्ट सांगत होतो. नाटकवाले पहारेकऱ्यासमोरून गडावर शिरले म्हणताच तिनं मान वर केली. "बट बाबा, व्हाय डिडन्ट द गार्ड जस्ट आस्क?" मी म्हणालो, घाबरला असेल गं. "घाबरला ऑफ व्हॉट?" मी तिच्या ताटात आणखी भात वाढला. आता ती आणि तिची आई मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेल्यात. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलो. फार एकटं वाटतंय, अण्णा, आणि त्या दोघी परत आल्या तरी ते जाणार नाही.

हे पत्र पाठवायचं तर आपल्याच घरी, आणि तिथं ते धाकटा उघडणार. म्हणून ते इथंच राहील, मसाल्यांच्या ड्रॉवरमध्ये. वकिलाला मी विचारलंच नव्हतं, जाऊ का म्हणून. तो 'जा' म्हणाला असता, तर खुर्ची सोडून यावं लागलं असतं.