जासूस गप्प बसायचा तेव्हा

बाबा, पांढुर्ण्याच्या घरी तुम्ही ज्या टीव्हीवरच्या जासूसासाठी रविवारी हातातलं काम टाकून बसायचे, त्याच्याबद्दल लिहून राहिलो. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, पण त्याला तुमच्याइतकं ओळखणारं दुसरं कोणी मला सापडत नाही. भर उन्हाळ्यात स्वेटर घालणारा, खुन्याच्या घरीही चप्पल दाराबाहेर काढणारा, चहात चार चमचे साखर घालून तो चहा तसाच विसरणारा. केवढा जीव लावला होता आपण त्याला! शेजारचे हसायचे, तुमचा सोयरा लागते काय म्हणायचे. तुम्ही म्हणायचे, सोयऱ्याहून बरा, कोणावर ओरडत तर नाही.

ओरडत नसे आणि विचारतही नसे. समोर बसून स्वेटरच्या टोकानं चष्मा पुसत राहायचा, अन् समोरचा आपल्याच तोंडानं सगळं सांगून टाकायचा. आपल्याला तीच जागा सगळ्यात आवडायची. तुम्ही तर ती सवय घरातच आणली. मी आठवीत शाळा बुडवून रेल्वेनं तिगावला क्रिकेट खेळायला गेलो, त्या संध्याकाळी तुम्ही संत्र्याच्या पेट्या ठोकायचं सोडून माझ्यासमोर ओट्यावर बसले आणि चष्मा पुसत राहिले. पाच मिनिटांत मी रडत रडत सगळं सांगितलं. मारलं असतं तर सांगितलं नसतं. बाप असावा तर असा, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं.

बाबा, तेच मी माझ्या पोरीवर केलं. परीक्षा तोंडावर असताना ती नागपूरच्या कॉलेजातून अचानक सौंसरला घरी आली. ताटावर बसायची, अन्न चिवडायची, उठून जायची. तिची आई म्हणे, "अहो, विचारा न तिले, काय झालं ते." मी म्हटलं थांब, तिची तीच सांगेल. तीन दिवस मी तिच्यासमोर खुर्ची टाकून चष्मा पुसत बसलो. ती मधूनमधून माझ्याकडे बघायची. चौथ्या दिवशी मी आणि तिची आई बाजारात गेलो, तेवढ्यात ती निघून गेली. कागदावर एकच ओळ ठेवली होती. "बाबा, तुम्ही एकदा तरी विचारायला हवं होतं."

आज अकरा दिवस झाले. पोलिसांत तक्रार दिली, हॉस्टेल पालथं घातलं, तिच्या मैत्रिणींच्या अक्षरशः पाया पडलो. काही सुचत नाही. सुचत नाही म्हणून त्याचेच जुने भाग मोबाइलवर लावतो, की हरवलेली पोर तो कशी शोधेल ते कळावं. तो अजूनही आवडतो, बाबा, आणि त्याचीच लाज वाटते. त्याला लेकरूबाळ नव्हतं. इतकी वर्षं पाहून हे आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

काल दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे कोणी बोलेना, नुसता श्वास. मी तो लगेच ओळखला. "बेटा, काय झालं तुले?" एवढं ओठांवर आलं होतं. पण आता ती बोलेल, आता बोलेल, म्हणून मी थांबलो. फोन कटला. तेव्हापासून तो नंबर बंद येऊन राहिला.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहू शकतो. तिच्या आईनं विचारलं कोण होतं, तर मी राँग नंबर म्हणून सांगितलं.