बाकडं नेलं तर नेलं

ता. ३ जानेवारी

ती. आईस,
ठमीचा सा. न. वि. वि.

तू खोदून खोदून विचारलंस म्हणून लिहिते. झोप लागत नाही. प्रयोगशाळेत साधी मोजमापं चुकतात, प्रबंध उघडला की रडू येतं. विद्यापीठात समुपदेशक बाई आहेत, पण त्यांची खोली आमच्या सरांच्या केबिनसमोर. बाहेरच्या बाकड्यावर कोण बसलंय ते आल्यागेल्याला दिसतं. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी तिथं बसली, तर सर सगळ्यांदेखत म्हणाले की, ज्यांना मन सांभाळता येत नाही त्यांनी संशोधनाच्या वाटेला जाऊ नये. तिनं गाशा गुंडाळला. सर माझे मार्गदर्शक, विभागप्रमुखही तेच. माझ्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीवर त्यांचीच सही लागते. त्यापेक्षा आपणच सोडून घरी यावं म्हणते. बाबांना सांगू नकोस.

लोभ कमी करू नये,
ठमी

ता. ८ जानेवारी

चि. ठमीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं. एरवी दिवसभर हळहळले असते.

घर तुझंच आहे, केव्हाही ये. पण पळून येऊ नकोस. आधी बरी हो, मग सोडायचं तर खुशाल सोड. ताप आला तर डॉक्टरकडे जायला कुणाची परवानगी काढतो का आपण?

तुझी धाकटी काकू बाळंतपणानंतर अगदी गप्प झाली होती. मनाच्या डॉक्टरांच्या दारात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून जायला तयार होईना. मग आम्ही साऱ्या जावा-नणंदा तिच्याबरोबर निघालो आणि बाकड्यावर ओळीनं बसलो. कंपाउंडर गोंधळून विचारायला लागला, यातली पेशंट कोण? मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, आत जाईल ती! आज तीच काकू सगळ्यांना कशी धाकात ठेवते, बघतेसच.

तूही एकटी बसू नकोस. देव दारापर्यंत आणून सोडतो गं, उंबरा आपल्यालाच ओलांडावा लागतो. बाबांना मी सांगितलं. चोरी थोडीच केलीस? ते तेव्हापासून फोन हातात धरून बसलेत, तेवढा एक कर.

तुझी वाट पाहणारी, पण घाई नसलेली,
आई

ता. १९ जानेवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

बसलो! आधी मी आणि प्रयोगशाळेतली एक मैत्रीण, अशा दोघीच होतो, मग टेबलं सोडून एकेक जण आला. बाकड्यावर मावेनात. सर बाहेर येऊन विचारू लागले की, नक्की कुणाला त्रास आहे? आम्ही आणखी दाटीनं बसलो. शेवटी आमच्यातला सगळ्यांत घाबरट म्हणाला, सर, तुम्हाला बसायचं असेल तर सरकतो. आई, त्या हशातच मी आत गेले. मनसोक्त बोलले. रात्री झोपही लागली.

काल मात्र बाकडं उचलून नेलं. आता म्हणे सरांची चिठ्ठी असल्याशिवाय आत सोडणार नाहीत. आम्ही कुलगुरूंकडे अर्ज दिलाय, पहिली सही माझी. मुदतवाढ गेली तर गेली. मंगळवारी सगळे त्याच दाराशी जमिनीवर बसणार.

आशीर्वाद असू दे, या खेपेला जरा जास्तच,
ठमी

ता. २३ जानेवारी

चि. ठमीस अ. उ. आ.

बाकडं नेलं तर नेलं. माळ्यावरची मोठी सतरंजी धुऊन वाळत घातलीये. एका कोपऱ्याला विरली होती, तिथं ठिगळ लावलंय. सगळे आरामात मावाल. मंगळवारी सकाळच्या गाडीनं घेऊन येते. काकूही येतेय. ती म्हणते, पेशंट कोण असं तुझ्या सरांनी पुन्हा विचारलंच, तर तिला पुष्कळ सांगायचंय.

मला तुमच्या संशोधनातलं ओ की ठो कळत नाही. पण बसता येतं. आणि मी काही चिठ्ठी आणणार नाही.

लोभ आहेच, भिंतीकडची जागा धर,
आई