लाल बाटलीच घेतली

सोमवार, ४ मार्च
बायकोच्या चष्म्याचा स्क्रू पुन्हा पडला. गाडी शिकताना, ऐन वळणावर. काडी कानाला, चष्मा हनुवटीवर. शुक्रवारी लायसन्सची टेस्ट. पास झाली तर शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हरची नोकरी नक्की. म्हणाली, चष्मेवाल्याकडे जाते. मी म्हटलं, घरात मी असताना? गप्प बसली. म्हणजे पटलं.

मंगळवार, ५ मार्च
हार्डवेअरच्या दुकानात थ्रेडलॉकर मागितलं. स्क्रूला लावलं की तो सैल होत नाही. तीन बाटल्या: जांभळी, निळी, लाल. दुकानदार म्हणाला, बारीक स्क्रूला जांभळीतलं, तेही टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच, म्हणजे पुढे हाताने खोलता येतो. खोलताच येतो तर लावायचं कशाला? लाल घेतली. तापवल्याशिवाय सुटतच नाही म्हणे. वा! निघालो तर मागून ओरडतोय, फ्रेम प्लॅस्टिकची नाही ना? गिऱ्हाईक निघालं की यांना गप्पा सुचतात.

घरी बघतो तर बाटली अर्धीच. परत जाऊन भांडलो. म्हणाला, आत हवा नसेल तर ते घट्ट होतं. हवा विकतो लेकाचा!

बुधवार, ६ मार्च. सकाळी
स्क्रू बसवला. एक थेंब. दिसेना, म्हणून आणखी एक. दुसऱ्या काडीवर अन्याय नको म्हणून तिथेही. मुलीने विचारलं, बाबा, सूचना वाचल्या का? सूचना नवशिक्यांसाठी असतात.

संध्याकाळी
चष्मा मिटत नाही. बिजागरी जाम. बायको म्हणाली, पर्समध्ये कसा ठेवू? मी म्हटलं, चष्मा ही डोळ्यांवर ठेवायची वस्तू आहे. हसली नाही.

गुरुवार, ७ मार्च
बिजागरीपाशी प्लॅस्टिक पांढरं पडलंय. पुसून जात नाही. चीर आहे की केस? केसच असावा. अजिबात काळजी नाही. तरी तीनदा उठून पाहिलं.

बायकोने विचारलं, उद्या टिकेल ना, खरं सांग, चष्मेवाला अजून उघडा असेल. छातीठोकपणे सांगितलं, टिकेल.

शुक्रवार, ८ मार्च
रिव्हर्स घेताना तिने मान वळवली आणि काडी तुटून पडली. स्क्रू मात्र जागच्या जागी! एवढं नोंदवून ठेवतो.

नापास. मी म्हटलं, फ्रेमच हलकी होती. ती भांडी घासत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, १० मार्च
निश्चय: आज सॉरी म्हणायचं. सकाळी घाई होती. जेवताना तोंडात घास होता. तिने नवा चष्मा आणलाय, स्वतः जाऊन. नुसता हातात घेऊन बघू का, म्हटलं. घालूनच झोपली.

मंगळवार, २ एप्रिल
घर सुरळीत. तक्रार नाही, टेस्टचं नावही नाही. नाद सोडला बहुतेक. सकाळी लवकर फिरायला जाते, तब्येत सुधारलीय. सॉरी म्हणायची आता गरज दिसत नाही.

बुधवार, ३ एप्रिल
शेजारीण दारात. अभिनंदन म्हणाली. मी म्हटलं, आभारी आहे, पण कशाबद्दल?

बायको गेल्या आठवड्यात पास झाली. सोमवारपासून व्हॅन चालवतेय. मुलीला माहीत, शेजारणीला माहीत, हार्डवेअरवाल्यालासुद्धा माहीत, त्याचा नातू त्याच व्हॅनने जातो. मलाच नाही. फार लागलं. संध्याकाळी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

अजिबात न चिडता म्हणाली, तू मदत केली असतीस.

केलीच असती.