तीनदा विचारण्याची खोड

विनिपेग, तळघर
(खिडकीतून बर्फ आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याचे पाय दिसतात)
११ फेब्रुवारी

प्रिय पूरानताई,

धाकट्या महनूशचा सलाम. तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजव्याबद्दल तू फोनवर सविस्तर सांगितलंस, डाव्याचं राहून गेलं.) बेहरूझ भावोजींची साखर आटोक्यात आहे ना, की ते अजून चहाबरोबर खडीसाखर चघळून वर ‘ही साखर नव्हे, औषध आहे’ म्हणतात? कुंडीतल्या लिंबाला या वर्षी तरी फळ धरलं का? तुमच्या व्हँकूव्हरात म्हणे गवत हिरवं आहे. इथे आज उणे एकतीस आहे आणि सकाळी पापण्या एकमेकींना चिकटल्या, तरी लोक बसथांब्यावर ‘आज जरा बरं आहे’ असं म्हणत उभे होते. मी मजेत आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मागच्या रविवारी विचारलंस, परीक्षेच्या आधी पंधरा दिवस येऊन राहू का? मी म्हणाले, छे, नको, कशाला उगाच. आणि तू ‘बरं’ म्हणून थेट टोमॅटोच्या रोपांवर आलीस. माझी काही तक्रार नाही हं. बावीस वर्षं या देशात काढल्यावर माणूस ‘नको’ ऐकून ‘बरं’ म्हणायला लागणारच. तिकडे इराणात, आपल्या यज्दला आईने एखादीला जेवायला थांबवलं आणि ती ‘नको’ म्हणाली, तर आई ते ऐकू आल्याचंसुद्धा दाखवायची नाही. दुसऱ्या ‘नको’ला पातेलं चुलीवर चढायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की बाई चप्पल काढून आत. पण ते जाऊ दे. टोमॅटो लागले की कळव.

सांगायचं होतं ते परीक्षेचं. भावोजींना अजून वाटतं की मी गाडी चालवायच्या परीक्षेत सारखी नापास होते, म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा सांगते. ही इथे डॉक्टरकी करण्याच्या परवान्याची परीक्षा. एक लांब बोळ. दहा दारं. प्रत्येक दारामागे एक खोटा पेशंट, म्हणजे माणूस खरा पण दुखणं पाठ केलेलं. दार ठोठावायचं, हात धुवायचे, नाव सांगायचं, विचारपूस करायची, तपासायचं, समजूत घालायची, सगळं अकरा मिनिटांत. घंटा झाली की अर्धं वाक्य तोंडात धरून बाहेर. कोपऱ्यात एक परीक्षक बसलेला असतो, त्याच्याकडे बघायचं नाही (मी पहिल्या खेपेला त्याला वाकून सलाम केला, आणि उठला नाही म्हणून तब्येतही विचारली). यज्दला चौदा वर्षं मी खरे पेशंट तपासले, त्यांच्याशी इथे कुणाला काही घेणंदेणं नाही. या दहा खोट्यांची मर्जी सांभाळली की पुढचं दार उघडतं. दोनदा नाही उघडलं. या तिसऱ्या वेळीही नाही झालं तर पुन्हा बसायचं नाही, असं मी ठरवलंय. सेहेचाळीस वर्षांची झाले ताई. मग जन्मभर त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ‘या बसा, फॉर्म भरा’ म्हणत टॉवेलांच्या घड्या घालायच्या.

दुसऱ्या खेपेला घोडं कुठे अडलं ते तुला सांगितलं नव्हतं, कारण तू हसली असतीस. चौथ्या दारामागे पोटदुखीची एक बाई होती. दारू घेता का, मी विचारलं. ती म्हणाली, नाही. आता पहिल्या ‘नाही’वर विश्वास ठेवणं म्हणजे समोरच्याचा अपमानच की! मी गोड हसून पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचे डोळे बारीक झाले. मग सिगारेट तीनदा. मग पोट तपासू का, असं विचारलं, ती ‘हो’ म्हणाली. पण ‘हो’ही संकोचाने म्हटलेलं असू शकतं, म्हणून तेही नीट खात्री करून घ्यावं म्हटलं. तेवढ्यात घंटा झाली. पोटदुखीच्या पेशंटच्या पोटाला हात न लावता बाहेर पडलेली डॉक्टर त्या बोळात मी एकटीच असेन. निकालाच्या कागदावर ‘संवाद’ या शब्दासमोरची गुणांची रेघ इतकी आखूड होती की मी आधी ती शाईचा डाग समजले.

म्हणून या वेळी सराव करायचा ठरवला. पण सरावाला माणूस लागतो, आणि माझ्याकडे माणूस नाही. बाकीचे परीक्षार्थी गट करून बसतात. एका गटाने मला बोलावलंही होतं, मी ‘नको, तुम्हाला त्रास’ म्हणाले आणि त्यांनी (तुझ्यासारखंच) ‘बरं’ म्हटलं. तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर माझा मोठा कोट बसवला, वर लोकरी टोपी ठेवली आणि रोज कामावरून आल्यावर कोटाची विचारपूस सुरू केली. कुठे दुखतं? कधीपासून? घरी कोण कोण असतं? कोट फार सुसंस्कृत पेशंट आहे. कितीदाही विचारा, कधी वैतागत नाही.

तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात वरून मिस्टर पेनर उतरले. माझे घरमालक. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, विधुर, कर्लिंगच्या (बर्फावरून दगड घसरवायच्या खेळाच्या) मैदानावर चाळीस वर्षं बर्फ सपाट करायचं काम केलेले. या शहरात मला ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारणारा हा एकटाच माणूस. गरम हवेच्या झरोक्यातून माझा आवाज वर जातो, हे मला ठाऊक नव्हतं. हातात झाकलेलं भांडं घेऊन दारात उभे.

“तुमच्याकडे हल्ली पाहुणे येतात, बरं वाटलं ऐकून,” ते म्हणाले. “जास्त आहे, म्हटलं सगळ्यांना पुरेल.”

आणि मग त्यांना खुर्चीवरचा कोट दिसला. ताई, यज्दच्या भर बाजारात माझी ओढणी वाऱ्याने उडाली होती तेव्हासुद्धा मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं. त्यांनी कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी जरा सरळ केली आणि म्हणाले, “यांना काय होतंय?”

“पोटदुखी,” मी म्हणाले.

“मला बसवा त्याच्या जागी. मी निदान खोकून तरी दाखवीन.”

(भांड्यात चक्का भरलेले उकडलेले पुडे होते, वर सायीची ग्रेव्ही. ‘घ्या’ म्हणाले. मी सवयीने ‘नको, पोट भरलंय’ म्हणाले. त्यांनी झाकण लावलं आणि भांडं परत वर गेलं. मी त्या दिवशी पावाबरोबर काकडी खाल्ली. हे मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती लोक एका शब्दाचे. ‘हो’ तर हो, ‘नको’ तर नको. पहिल्यांदा चहा विचारला तेव्हा पहिल्या फटक्याला ‘हो, द्या’ म्हणाले, आणि मी बावचळलेच, कारण तोवर पाणीसुद्धा ठेवलेलं नव्हतं.)

तर दर रविवारी दुपारी आमचा सराव. पेशंट म्हणून माणूस अगदीच कुचकामाचा निघाला, कारण खोटं बोलता येत नाही. ‘बेचाळीस वर्षांची बाई, रोज दोन ग्लास वाइन घेते’ असा कागद हातात दिला, तर म्हणाले, “मी आयुष्यात वाइन घेतली नाही, आता कशी सांगू?” शेवटी मीच हात टेकले आणि त्यांनी स्वतःचंच खरं उत्तर द्यायचं असं ठरलं. पण मास्तर म्हणून कडक. मी एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की टेबलावर चमचा आपटायचे. “नाही म्हणालो ना, डॉक्टर? मग नाही. लिहा आणि पुढे व्हा.” पहिल्या रविवारी सतरा वेळा चमचा वाजला. दुसऱ्या रविवारी नऊ. सहाव्या रविवारी एकदाच, आणि तोही त्यांच्या हातून चुकून खाली पडला म्हणून.

सातव्या रविवारी मी अकरा मिनिटांत सगळं केलं. छातीत दुखतं? नाही. लिहिलं, पुढे. झोप लागते? लागते. पुढे. घरी कोण असतं? कुणी नाही. पुढे. पोट तपासलं, समजूत घातली, वर वीस सेकंद उरले. मिस्टर पेनरनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, या वेळी नक्की. घड्याळ काढून ठेवलं, चहा ओतला, आणि आता मी डॉक्टर नव्हते, घरची यजमानीण होते, म्हणून आपल्या रीतीने विचारलं, बाकी तुम्ही कसे आहात? बरा आहे. खरंच बरे आहात ना? बरा आहे की. मी साखर पुढे केली आणि तिसऱ्यांदा विचारलं. चमचा त्यांच्या हातातच होता. वाजला नाही.

“जिना चढताना थांबावं लागतं,” ते कपात बघत म्हणाले. “चार पायऱ्यांनी.”

“कधीपासून?”

“बर्फ पडायला लागल्यापासून. आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं, म्हणून खुर्चीत झोपतो. झोप चांगली लागते.”

“अहो, मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही पोटाचं विचारलंत. पोट चांगलं आहे.” आणि वर म्हणाले, “तुमची परीक्षा जवळ आलीय. पेशंटच आजारी पडला तर सराव कुणावर करणार?”

मी खाली बसून त्यांचे मोजे उतरवले. पावलं सुजलेली, मोज्याची किनार मांसात रुतलेली. सात रविवार हा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि मी त्याचं न दुखणारं पोट दाबत होते, घड्याळाकडे बघत. चौदा वर्षांच्या डॉक्टरकीत इतकी लाज मला वाटली नव्हती. रुग्णवाहिका बोलावली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने (छान, चुणचुणीत, ही परीक्षा पहिल्याच खेपेला पास झालेला असणार) विचारलं, छातीत दुखतं का? नाही. झोप लागते का? लागते. तो पुढे निघाला. मग मी मध्ये पडले आणि खुर्चीचं, चार पायऱ्यांचं, पावलांचं सगळं सांगितलं. तो थांबला, ऐकून घेतलं, आणि मग मला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हणाले, भाडेकरू. पलंगावरून मिस्टर पेनर म्हणाले, “माझ्या डॉक्टर आहेत.” ताई, मला तिथेच रडू फुटलं आणि नाक पुसायला काही सापडेना.

हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, फुफ्फुसात पाणी झालं होतं. आता उतार आहे, पण झडप दुरुस्त करायची आहे, महिनाभर तरी घरी यायचे नाहीत. मी काल भेटायला गेले तेव्हा विचारलं की आता परीक्षेत मी काय करू, एकदा विचारू की तीनदा? नळ्या लावलेल्या अवस्थेत म्हणाले, “परीक्षेत एकदाच. पास व्हा, मग बसा की दिवसभर विचारत.” आणि शेजारच्या ताटातली जेली माझ्यापुढे करून ‘घ्या’ म्हणाले. मी ‘नको’ म्हणाले. त्यांनी मागे घेतली, मग माझ्याकडे जरा पाहिलं आणि पुन्हा पुढे केली. इतकी बेचव वस्तू मी जन्मात खाल्ली नसेल. सगळी संपवली.

परीक्षा चार मार्चला आहे. वरचा रेडिओ बंद असतो. झरोक्यातून नुसती गरम हवा येते. कोट पुन्हा खुर्चीवर आला आहे. त्याला ‘घरी कोण असतं’ असं विचारलं की मी तिथेच अडते, पुढचा प्रश्न आठवत नाही.

भावोजींना सलाम. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
महनूश

ता. क. तू काही पाठवू नकोस. केशर आहे, सुकी लिंबं आहेत, तांदूळ आहे. परीक्षेची तयारीही झाल्यातच जमा आहे. आणि येण्याचं तर मुळीच मनात आणू नकोस, इथे बघण्यासारखं काही नाही.

दुसरा ता. क. समजा ‘येऊच का’ असं तुझ्या मनात पुन्हा आलं, तर माझं उत्तर तेच: नको. तुझे गुडघे, ही थंडी, टोमॅटो. (मिस्टर पेनरनी वरच्या घराची किल्ली माझ्याकडे दिली आहे, तिथे जिना चढावा लागणार नाही अशी तळमजल्यावर झोपायचीही सोय आहे, विमानतळावरून पंधरा नंबरची बस थेट कोपऱ्यावर येते. हे आपलं सहज माहिती म्हणून.)

तिसरा ता. क. ताई, तू एकदा फोनवर विचारलंस, मी नको म्हणाले. दुसऱ्यांदा तुझ्या वतीने मीच विचारलं आणि मीच नको म्हणाले, वर बघ. म्हणजे तुझे दोन विचारून झाले. आता फक्त एकदा विचारायचं राहिलं आहे. टोमॅटोच्या आधी विचार. कोट मी खुर्चीवरून काढून ठेवला आहे.