हिरव्या दोऱ्याचा कोट

१२ जून २००५, रविवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. रोज एक पान, न चुकता. मराठीतच लिहिणार, म्हणजे लेकीला, जुईला, वाचता येणार नाही. मराठी कळते तिला, पण अक्षरं दिसली की पाठ फिरवते.

डोकं सणकलं आहे. काल गावात मोठी रग्बी मॅच होती, सगळं हॅमिल्टन बोंबलत होतं, त्यात झोपेचं खोबरं झालं. सकाळी रेडिओ लावला तर बातमी! श्रीमंत देशांच्या अर्थमंत्र्यांनी अठरा गरीब देशांचं चाळीस अब्ज डॉलरचं कर्ज माफ करायचं ठरवलंय. बहुतेक सगळे आफ्रिकेतले. माफ! जुईने टाळ्या वाजवल्या. वय वर्षं पंधरा, मनगटावर गरिबी हटवायचा पांढरा रबरी पट्टा, आणि घरातला कचरा बाहेर ठेवायला दहादा सांगावं लागतं. मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. बायको, विनया, म्हणाली, शेजारी ऐकू जातंय.

माझं म्हणणं सोपं आहे. मदतीने माणूस पांगळा होतो. आमच्या घराण्यात कुणी कुणाकडून फुकट काही घेतलेलं नाही. बाबांचंच उदाहरण. श्याम टिपणीस, मुंबईच्या सरकारी डेअरीत साधे बॉयलर ऑपरेटर. १९५८ साली कोलंबो प्लॅनखाली त्यांची निवड झाली आणि आठ महिने इथेच, न्यूझीलंडच्या वायकाटोत, दूध पावडरीच्या कारखान्यात ट्रेनिंगला आले. निवड झाली, मेरिटवर. परत जाताना इथल्या उत्तम टेलरकडून मापाने शिवलेला लोकरी ओव्हरकोट घेऊन गेले. कॉलरच्या आत टेलरचं नाव अजून आहे: ई. आर. हॅडन. आई आल्यागेल्याला तो कोट कपाटातून काढून दाखवायची. बाबा स्वतः त्यावर कधी बोलत नसत. बढाई मारणं त्यांना जमायचंच नाही.

संकल्प: उद्याच पेपरला पत्र. या आठवड्यात गाडी दुरुस्त.

१४ जून, मंगळवार

पत्र लिहिलं. नऊशे शब्द. पेपरची मर्यादा दीडशे. पुन्हा वाचलं, कापण्यासारखं एकही वाक्य सापडलं नाही. तसंच पाठवलं.

१५ जून, बुधवार

गाडी अजून गॅरेजात. ब्रेक आणि गंज, त्यामुळे वॉरंट, म्हणजे गाडी रस्त्यावर काढायचं सर्टिफिकेट, मिळत नाही. सध्या मुसोंडाबरोबर कारपूल चालू आहे. म्हणजे गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पण याला मदत म्हणता येणार नाही. तो तसाही त्याच रस्त्याने जातो, आणि माझ्यामुळे त्याला वाटेत चार विचार ऐकायला मिळतात. सरळ व्यवहार.

मुसोंडा आमच्याच कंपनीत वेल्डिंग तपासतो. झांबियाचा, एन्डोला गावचा. म्हणजे त्या अठरातला! मी आज स्पष्ट विचारलं, लाज नाही वाटत का? तो हसला. म्हणाला, लाज वाटायची ती कपड्यांची. बाहेरच्या देशांतून दान केलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे त्यांच्याकडे बाजारात विकायला येतात. त्याचा शाळेचा ब्लेझर तसलाच. कॉलरच्या आत कुणा गोऱ्या मुलाचं नाव शिवलेलं होतं, कीथ. शाळा सुटेपर्यंत पोरं त्याला कीथच म्हणायची.

मी इतका हसलो की खोकला आला. घरी येऊन विनयालाही सांगितलं. दुसऱ्याच्या नावाचा कोट अंगात घालायचा आणि कळू नये! ती हसली नाही. तिला विनोद कमी कळतो.

१८ जून, शनिवार

पत्र काल छापून आलं. तीन ओळी! माझे सगळे आकडे, सगळे मुद्दे गाळून फक्त शेवटचा परिच्छेद, आणि वर मथळा: ‘लेट देम पे’. संपादकाला फोन केला. त्याने ऐकून घेतलं, म्हणाला, हीप्स ऑफ लेटर्स येतात, ढिगांनी. मी फोन आपटला. फोन आपलाच आहे हे नंतर लक्षात आलं. आता त्यातून खरखर येते.

जुईच्या वर्गात ते कात्रण फिरलं म्हणे. ती माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी विनयामार्फत मागते.

२० जून, सोमवार

बघा! तीन ओळींचा परिणाम. जुईच्या शाळेतून फोन आला. तिथे मुलं आफ्रिकेसाठी चाळीस तासांचा उपास करणार आहेत, आणि त्यानंतरच्या गुरुवारी, ३० तारखेला, पालकांचं डिबेट ठेवलंय. विषय: परकीय मदतीने भल्यापेक्षा बुरंच जास्त होतं. बाजूने मी. जुईने विनयामार्फत निरोप पाठवला, प्लीज नको. मी ताबडतोब हो म्हटलं.

मला कप नको, टाळ्या नकोत. ती समोर बसलेली असावी, मी जिंकावं आणि तिने एकदा म्हणावं की बाबा बरोबर होते. बस.

विरोधात कोण? मुसोंडा! शाळेनेच शोधून काढला. कर्ज बुडवणाऱ्या देशाचा माणूस कर्जमाफीची वकिली करणार. काम फारच सोपं झालं.

२४ जून, शुक्रवार. रात्री ८.००

जुईचा उपास सुरू. रविवारी दुपारी बारापर्यंत. मी जाहीर केलं की मीही करणार. भुकेला मदत लागत नाही, निर्धार लागतो, हे सिद्ध करण्यासाठी. शिवाय यांच्या उपासाला बार्ली शुगरच्या गोळ्या चालतात. हा कसला उपास? आपल्या उपासाला निदान साबुदाण्याची खिचडी तरी असते. मी गोळीही खाणार नाही.

२५ जून, शनिवार

सकाळी ७: उत्तम. हलकं वाटतंय. अर्थात अकरा तासांतले आठ झोपेत गेले.

११.२०: चहा हा पदार्थ नाही, पेय आहे.

दुपारी २: विनया मुद्दाम कांद्याची भजी तळते आहे. म्हणते, तिला भूक लागली. संताप येतो या बाईचा.

४.४५: मूर्च्छा येईलसं वाटलं. जुईच्या पुड्यातून तीन गोळ्या तात्पुरत्या घेतल्या.

६.३०: एकूण अकरा. पुडा जवळजवळ रिकामा. जुई हॉलमध्ये पांघरुणात गुरफटून बसली होती. मला बघितलं. उरलेल्या गोळ्या माझ्या बाजूला सरकवल्या. हा टोमणा होता. मी चिडून भजी खाल्ली.

निष्कर्ष: प्रयोग यशस्वी. बाहेरचा पुरवठा जवळ असला की निर्धार खचतो. डिबेटमध्ये वापरणे.

२८ जून, मंगळवार

आरशासमोर तालीम. शेवटचं अस्त्र म्हणून बाबांचा कोट दाखवणार. ‘हा कोट दानात मिळालेला नाही. हा घामाचा कोट आहे.’ विनया म्हणाली, त्याला घामाचा नाही, डांबरगोळ्यांचा वास येतो. मी दुर्लक्ष केलं. आतल्या खिशाला हिरव्या दोऱ्याची शिलाई आहे, बाकी सगळी काळी. मोठे टेलर अशी खूण ठेवतात. कारागिराची सही म्हणायची.

गाडी पुढच्या आठवड्यात नक्की.

३० जून, गुरुवार. दुपारी ४.३०

तयार. मुसोंडाला म्हटलं, आज वाईट वाटून घेऊ नकोस. तो म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत ‘काही हरकत नाही’, आणि साडेसहाला मला घ्यायला येतो. बिचारा.

१ जुलै, शुक्रवार. सकाळी ६.४०

कालचं लिहायचं नव्हतं. पण रोज एक पान ठरलंय, आणि काल एक पान कमीच भरलं.

मी चांगला बोललो. कोट उंच धरून दाखवला, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी टाळीही वाजवली. मग मुसोंडा उठला, आणि पहिली पाच मिनिटं चक्क माझ्याच बाजूने बोलला! दानाच्या कपड्यांमुळे त्याच्या काकाची कापडगिरणी बंद पडली. मदत म्हणून आलेले ट्रॅक्टर सुट्या भागांवाचून उभ्या उभ्या गंजले. माझे मुद्दे, माझ्यापेक्षा चांगल्या उदाहरणांसकट. मला इतका राग आला की पाण्याचा ग्लास कलंडला.

मग म्हणाला, कर्ज वेगळं. तो शाळेत असताना मोठ्या लोकांनी सह्या केल्या, तांब्याचा भाव पडला, आणि फेडायला उरला तो. नवीन कर्ज हवं तर दवाखान्यात फी लावा, अशी अट आली. त्याची बहीण तापाने फणफणलेलं मूल घेऊन दवाखान्यात गेली. फी नव्हती, परत पाठवली. रेडिओ विकून दुसऱ्या दिवशी गेली. एवढं सांगून त्याने चष्मा पुसला.

“आम्हाला काही देऊ नका,” तो म्हणाला. “फक्त घेणं थांबवा.”

मला उत्तर द्यायला दोन मिनिटं होती. माझ्या कागदावर निर्धाराबद्दल लिहिलेलं होतं. ते वाचवेना. मी थँक यू म्हणून बसलो.

हात वर करून मतदान. माझ्या बाजूने तीन. त्यातला एक शाळेचा केअरटेकर, तो हीटर बंद करू का विचारत होता. विनयाचा हात कुठे होता ते मी पाहिलं, लिहीत नाही.

नंतर चहा. प्रत्येकाने घरून एकेक प्लेट आणलेली. मुसोंडा खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक खात होता आणि पोरं त्याच्याभोवती. मी कोपऱ्यात. कोट खुर्चीवर फेकला होता. किटलीजवळची एक म्हातारी, कुणाची तरी आजी, तो घडी घालून ठेवायला गेली आणि कॉलरपाशी थांबली. चष्मा लावला. मग माझ्याकडे आली.

“हा टेडचा कोट आहे,” ती म्हणाली. “माझ्या भावाचा.”

मी तिला समजावलं की हॅडन हे टेलरचं नाव. ती म्हणाली, हॅडन तिचं माहेरचं नाव. मी आवाज चढवला. तिने चढवला नाही.

“आतला खिसा बघा. हिरव्या दोऱ्याने शिवलेला असेल. आईकडचा काळा संपला होता.”

मी बघितला नाही. लहानपणापासून बघत आलोय.

एडवर्ड हॅडन, म्हणजेच टेड, वय बावीस, १९५७ साली डोंगरउतारावर ट्रॅक्टर उलटून गेला. पुढच्या हिवाळ्यात तिच्या आईने कारखान्याच्या फाटकापाशी धुक्यात एक हडकुळा इंडियन मुलगा पाहिला. बसची वाट बघत, पातळ स्वेटरमध्ये कुडकुडत. घरी गेली, कोट घेऊन आली. मग तो मुलगा दर रविवारी जेवायला यायचा. मटण खायचा नाही, बटाटे मात्र हीप्स. त्याचं नाव शॅम. भारतात परतल्यावर कितीतरी वर्षं दर ख्रिसमसला त्याचं पत्र यायचं.

मी म्हटलं, पण ट्रेनिंगला तर ते मेरिटवर आले होते. ती म्हणाली, हुशार होताच तो, पण कोलंबो प्लॅनच्या मुलांचा खर्च इथल्या टॅक्समधून व्हायचा. तिच्या वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं. अशाने लोक पांगळे होतात म्हणायचे. पेपरला पत्रं लिहायचे. म्हणून आईने कोट त्यांच्या नकळत दिला.

मी कोट तिच्यापुढे धरला, परत घ्या म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. तिने दोन्ही हातांत घेतला, कॉलर नाकापाशी नेली, डांबरगोळ्यांच्या वासाने शिंकली. म्हणाली, बाहेर चार डिग्री आहे, घाला.

मी घातला नाही. घालवेना. बाबा एवढी वर्षं गप्प होते ते बढाई जमत नव्हती म्हणून नव्हे. आई पाहुण्यांना टेलरची गोष्ट सांगायची तेव्हा ते उठून आत पाणी प्यायला जायचे, हे मला आत्ता आठवलं, आणि त्यांचा राग आला. मग स्वतःचा आला. तो अजून गेलेला नाही.

जुई मागे रिकाम्या प्लेटा घेऊन उभी होती. सगळं ऐकलं तिने. वाटलं, आता हसेल. तिने प्लेटा खाली ठेवल्या, म्हातारीच्या हातून कोट घेतला आणि माझ्या मागे धरून उभी राहिली. मी एक हात घातला आणि तसाच थांबलो.

“डॅड,” ती म्हणाली. “अदर आर्म.”

तेरा दिवसांनी बोलली.

१ जुलै, शुक्रवार. सकाळी ९.०५, ऑफिस

दाट धुकं. कोट घालून आलो. दुसरा इतका गरम नाही.

मुसोंडाने पावणेआठला दाराशी हॉर्न दिला. गाडीत बसलो. त्याने हीटर माझ्या पायांकडे वळवला, कॉलरकडे एकदा बघितलं.

“गुड मॉर्निंग, मिस्टर हॅडन.”

चिडणार होतो. वाक्यसुद्धा तयार होतं.

म्हटलं, मॉर्निंग, कीथ.