फळ्यांवरची पुस्तकं

मोशी, ९ जानेवारी

पप्पांना मैत्रीचा जय भीम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

मोठ्या ग्रंथालयांच्या तुलनेसाठी मी काम करते त्या ग्रंथालयाकडूनही पुस्तकांचा आकडा मागवला होता. नोंदवहीत बेचाळीस हजार आहेत. मी तीन आठवडे फळ्यांवरची मोजली, ती छत्तीस हजारच भरली.

साहेब म्हणाले, "अहो मॅडम, वहीतलाच आकडा टाका. हरवलेलं पुस्तकही आपलंच की!"

लहानपणी घरी शिकवताना तुम्ही वस्तूवर बोट ठेवल्याशिवाय अंक म्हणू द्यायचा नाहीत. मी छत्तीस हजार लिहून सही केली.

सोमवारपासून कामावर येऊ नका म्हणाले. मला रडूही आलं नाही. खोलीवर येऊन भात लावला.

पप्पा, तुम्ही कोणता आकडा लिहिला असता?

तुमची,
मैत्री