कॉलरीतला अंगारा

ती. आईस,
हिंदुरावाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आये, हितं रोज परेडनंतर संगीन चालवायला शिकवत्यात. जुन्या वर्द्यांत गवत भरून माणसं केल्यात. वरडत पळायचं आन् पोटात संगीन घालायची. माजा हात आता बसलाय.

काल संगीन जरा वर लागली. गवताच्या माणसाची कॉलर फाटली आन् आतनं राख सांडली. औंधच्या यमाईचा अंगारा, तू आमच्या कॉलरीत शिवतीस त्योच. हिरवा दोरा, तुजीच तिरपी शिवण.

चीनच्या लढाईत हरवलेला नाथादादा हितंच शिकला व्हता. म्हंजी त्यो लढाईवर गेला, तवा अंगारा हितंच ऱ्हायला. आन् तू अजून म्हनतीस, अंगारा गळ्याशी हाय, त्यो येनारच.

उस्ताद वरडला, "थांबतोस काय? मार!" मी मारलं. आये, आतनं दादा कन्हल्यावानी आवाज आला.

पत्र तुला वैनीच वाचून दाखवनार, आन् ती अजून कुंकू लावती. म्हनून धाडत न्हाई.

उद्या आमी सरहद्दीवर निघतो. आज नव्या वर्द्या दिल्या. कॉलर उसवून अंगारा काढायच्या आदीच माजी जुनी जमा करून घेतली. आत्ता खिडकीतनं दिसतंय, तिच्यात गवत भरत्यात.

तुजा,
हिंदुराव